मैदानातल्या झाकणाची दुरुस्ती

काम अर्ध्या तासाचं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की कुणी धरणच बांधायला काढलं होतं.

लष्करी प्रबोधिनीच्या कवायतीच्या मैदानावर, सलामीच्या मंचापासून सहा पावलं अलीकडे, पावसाच्या पाण्याच्या गटाराचं एक चेंबर होतं आणि त्याच्यावर बिडाचं गोल झाकण होतं. झाकण डुगडुगायचं. त्याच्यावर पाय पडला की 'ठण्' वाजायचं. गेली अकरा वर्षं ते वाजत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण चार महिन्यांपूर्वी नवे प्रमुखसाहेब आले आणि त्यांचे कान तिखट निघाले.

"ओळंबे," ते म्हणाले, "ते काय वाजतं?"

"झाकण, साहेब."

"दीक्षान्त संचलनाच्या दिवशी मला ते ऐकू यायला नको."

ओळंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण अंगानं सुतळीसारखे, वर डोकं तेवढं जड, आणि भिंत दिसली की खिशातून ओळंबा काढून ती सरळ आहे की नाही बघायची खोड, यामुळे मजुरांनी त्यांना हे नाव दिलं. पुढं ते इतकं चिकटलं, की पत्रव्यवहारातही 'श्री. ओळंबे, बांधकाम पर्यवेक्षक' असं येऊ लागलं. आधी त्यांनी दोन वेळा लेखी दुरुस्ती मागितली. तिसऱ्यांदा त्यांनीच तशी सही केली.

एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि हे शेवटचं वर्ष. या एकतीस वर्षांत त्यांनी दीक्षान्त संचलन एकदाही पाहिलं नव्हतं. मंच त्यांनी बांधला, पायऱ्या त्यांनी घातल्या, झेंड्याचा खांब सरळ उभा राहिला तो त्यांच्यामुळं. पण बँड वाजायला लागला की कुठंतरी पंप बंद पडायचा, नाहीतर पाहुण्यांच्या स्वच्छतागृहाचा नळ उपटायचा, आणि हे पान्हा घेऊन तिकडं धावायचे. त्यांच्या बायकोनं तर सगळी संचलनं स्वयंपाकघरातूनच ऐकली होती. बँडची तिसरी चाल सुरू झाली की भाताखालचा गॅस बंद करायचा, एवढा तिचा त्याच्याशी संबंध.

म्हणून प्रमुखसाहेब जाता जाता म्हणाले, "यंदा सगळं व्यवस्थित झालं तर तुम्ही आणि तुमच्या सौभाग्यवती पाहुण्यांत बसा. तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या," तेव्हा ओळंबेसाहेबांनी खिशातून ओळंबा काढला आणि पुन्हा आत ठेवला. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि मग अर्ध्या तासात तिनं ते वसाहतीतल्या अठरा घरांत सांगितलं. ठेवणीतले कपडे बाहेर काढून वाळत घातले, म्हणजे उरलेल्या चार घरांनाही विचारावंसं वाटेल.

अर्ध्या तासाच्या कामाला रबराची एक पट्टी आणि मूठभर सिमेंट लागतं. पण झाकण उचलल्यावर दिसलं की खालची फ्रेमच एका बाजूनं खचली आहे. फ्रेम बदलायची तर खणायला हवं, आणि मैदान खणायचं तर परवानगी हवी. मोठ्या बाबूंनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य कारकुनांनी, चष्मा कपाळावर चढवून समजावलं.

"हे बघा, वरचं मैदान कवायत विभागाचं. झाकण बांधकामाचं, म्हणजे तुमचं. आतून जाणारं पाणी आरोग्य विभागाचं."

"आणि मधलं भोक?"

"ते अजून कुणाच्या नावावर चढलेलं नाही," मोठे बाबू गंभीरपणे म्हणाले. "त्याच्यात पडू नका."

तीन विभागांच्या सह्या घ्यायला सहा दिवस गेले. शेवटची सही कवायतीच्या उस्तादांची. उस्ताद म्हणजे छातीच्या जागी दरवाजा आणि मिशीच्या जागी ब्रश असलेला माणूस. संचलनात तुकडी मंचासमोर आली की ओळीमागून ओळ मान उजवीकडे वळवत जायची. इतर ठिकाणी सगळी तुकडी एकदम मान वळवते, इथं मात्र उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट जायची. त्या लाटेसाठी प्रबोधिनीचं नाव लांब लांब होतं आणि उस्तादांच्या घरात भिंतीवर तीन प्रशस्तिपत्रं होती. त्यांनी परवानगीचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला.

"झाकण काढणार?"

"बसवणार. एकदम पक्कं."

"फार पक्कं करू नका, साहेब," उस्ताद हळूच म्हणाले. "लोखंड आहे. थोडी हालचाल लागते त्याला."

ओळंबेसाहेबांना हे झोंबलं. आपण कधी कुणाला मिशी कशी ठेवायची ते सांगितलं का? "उस्ताद," ते म्हणाले, "मी बसवलेली वस्तू हालत नाही." उस्तादांनी लांब श्वास घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सही केली.

मग ओळंबेसाहेबांनी ते काम केलं. केलं म्हणजे काय, ओतलं त्याच्यात स्वतःला. नवी फ्रेम आणली, खाली काँक्रीटचा पलंग घातला, चारही दिशांनी लेव्हल लावून पाहिली. सोबतीला त्यांचा नेहमीचा गवंडी होता. वीस वर्षं बरोबर काम केलेला, रांजणासारखा आडवा, आणि स्तुतीच्या बाबतीत फार हात आखडणारा माणूस. फ्रेममध्ये रबर घालून नवं झाकण बसवलं तेव्हा दोघांनी त्याच्यावर काचेची गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. गवंडी त्याच्यावर चढून नाचला. 'थप्प' एवढाच आवाज, उशीवर हात मारल्यासारखा.

गवंड्यानं घाम पुसला. "साहेब," तो म्हणाला, "असं काम जन्मात एकदाच होतं."

ओळंबेसाहेब त्या दिवशी घरी जाताना वाट वाकडी करून दोनदा मैदानावरून गेले.

पुढच्या मंगळवारी पहिली रंगीत तालीम होती. प्रमुखसाहेब मंचावर सलामी घ्यायला उभे राहिले. चार तुकड्या, प्रत्येकीत आठ-आठ जणांच्या नऊ ओळी. बँड सुरू झाला, पहिली तुकडी आली, ओळीच्या उजव्या टोकाच्या कॅडेटचा बूट झाकणावर पडला, थप्प, आणि कुणाचीच मान वळली नाही. नको असलेला पाहुणा समोरून येताना दिसला की माणसं कशी सरळ पुढं बघत निघून जातात, तसे बहात्तर कॅडेट प्रमुखसाहेबांसमोरून निघून गेले. साहेबांचा हात कपाळाशी तसाच राहिला.

दुसऱ्या तुकडीत चौथ्या ओळीतल्या कुणालातरी वाटलं की आता वळवावी. त्यानं वळवली. त्याच्या शेजाऱ्यानं, हा का वळला, म्हणून त्याच्याकडे वळून पाहिलं. मागच्यांनी त्या दोघांकडे. तिसऱ्या तुकडीनं हे लांबून पाहिलं होतं, तेव्हा तिनं शहाणपणा करून पन्नास पावलं आधीच माना वळवल्या. त्यामुळं आख्ख्या तुकडीनं अत्यंत आदरानं पाण्याच्या टाकीला सलामी दिली आणि मंच आला तेव्हा पुढच्यांच्या माना सरळ झाल्या होत्या. मागच्यांच्या झाल्या नव्हत्या. पुढं कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं ते त्यांना दिसलंच नाही, आणि शेवटच्या तीन ओळी तालात, एकमेकांच्या पावलांत पाऊल ठेवून, बँडमध्ये शिरल्या. मोठा ढोल वाजवणारा गृहस्थ ढोलासकट फुलांच्या वाफ्यात बसला. ढोल वरच्या बाजूला होता हे एक बरं झालं.

तासाभरानं प्रमुखसाहेबांच्या कचेरीत उस्ताद ताठ उभे होते आणि ओळंबेसाहेबांना का बोलावलंय ते ओळंबेसाहेबांना माहीत नव्हतं.

"साहेब, अकरा वर्षं झाली," उस्ताद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "बँड सुरू झाला की माझा आवाज दुसऱ्या ओळीच्या पुढं जात नाही. पूर्वी जायचा. मग पोरांनी आपापसांत ठरवलं. झाकण वाजलं की त्या ओळीनं मान वळवायची, बारा पावलं मोजायची, सरळ करायची. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला शिकवून जाते. मी शिकवलेलं नाही, साहेब." थोडं थांबून ते म्हणाले, "मी फक्त प्रशस्तिपत्रं घेतली."

प्रमुखसाहेब खिडकीशी गेले. झाकणाचा आवाज बंद करायचा हुकूम कुणाचा होता हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघेही फार शिस्तीचे होते.

"चार दिवसांत नवी पद्धत शिकवता येईल?"

"मान वळवायचं शिकवता येईल, साहेब. लाट नाही."

"शनिवारी मला ती लाट पाहिजे," प्रमुखसाहेब म्हणाले. "ओळंबे, झाकण होतं तसं करा. वाजलं पाहिजे. तेवढं झालं की तुमच्या दोन खुर्च्या पक्क्या. आणि झाकणाबद्दल मी तुम्हाला आधी काही बोललो होतो असं मला आठवत नाही."

माणसाला आयुष्यात बरंच काही सोसावं लागतं. पण जन्मात एकदा जमलेलं काम, त्याचं सिमेंट अजून ओलं असताना, स्वतःच्या हातानं बिघडवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण नव्हे, हात कापून देणं. ओळंबेसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोनं विचारलं, "खुर्च्या गेल्या का?"

"गेल्या नाहीत. पण मला वाईट काम करायला सांगितलंय."

"मग करा की. बाकीचे सगळे करतातच ना?"

"मला येत नाही."

भिंत पातळ होती. पलीकडून शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांचा आवाज आला, "मी येऊ का?" आणि उत्तर यायच्या आत ते आलेच. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे रेल्वेचा एक तोडगा असे.

"हिरवा झेंडा," मास्तर बसता बसता म्हणाले. "मी मंचाच्या मागं उभा राहतो. ओळ आली की दाखवला."

"कॅडेट समोर बघत असतात, मास्तर. हनुवटी वर."

"मग शिट्टी."

"प्रमुखसाहेबांना शिट्टी चालणार नाही."

"मग गाडी चाललीये कशावर?" मास्तर हताश होऊन म्हणाले. मग ओळंबेसाहेबांच्या बायकोकडे वळून हळूच, "वहिनी, यांना काम निघालं तर ती दुसरी खुर्ची रिकामीच राहणार, नाही का? नाही, आपलं सहज विचारलं."

बुधवारी ओळंबेसाहेब मोठ्या बाबूंकडे गेले. बाबूंनी चार प्रकारचे छापील अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "नवीन बांधकाम, दुरुस्ती, देखभाल, पाडकाम. यात 'सैल करणे' कुठं बसवू सांगा."

"पाडकामात बसवा."

"पाडकामाला तीन जणांची पाहणी समिती लागते. आणि इमारतीच्या दारावर पंधरा दिवस नोटीस."

"झाकणाला दार नाही, बाबू."

"मग नोटीस कुठं लावायची ते ठरवण्यासाठी आणखी एक समिती." बाबूंनी जरा विचार केला. ते मनानं वाईट नव्हते. "आवाज हवा आहे ना? मग ही ध्वनिव्यवस्था झाली. वायरमनकडे पाठवतो."

वायरमन उत्साही होता. त्याच्याकडे काम पाठवलं आणि त्यानं केलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि लोकांची तक्रार नेमकी तीच होती. त्यानं दुपारपर्यंत झाकणाशेजारी गवतात एक विजेची घंटा पुरली, बटण मंचामागं दिलं. तालमीत पहिली तुकडी आली, बटण दाबलं, घंटा वाजली. ती भोजनगृहाच्या घंटेची जुळी बहीण होती. पहिल्या ओळीनं मान वळवली खरी, पण डावीकडे, जिकडं भोजनगृह आहे तिकडं. मागच्या ओळींचे पाय आपोआप लांब पडू लागले. चौथी तुकडी, जिला नाश्ता मिळाला नव्हता, तिचा तर ताल जो सुटला तो सुटलाच.

गुरुवारी जुनं झाकण शोधून आणलं. मोडीच्या ढिगात ते सापडलं, कडा झिजलेलं, म्हातारं. ते नव्या फ्रेममध्ये ठेवलं तर असं गुपचूप बसलं, जसं काही आयुष्यात ते कधी बोललंच नव्हतं. दोष झाकणात नव्हताच, फ्रेममध्ये होता, आणि फ्रेम आता निर्दोष होती. मग नवं झाकण पुन्हा बसवून गवंड्यानं कडेखाली खडा ठेवला. पहिल्या पावलाला सुरेख वाजला, दुसऱ्याला त्याचं पीठ झालं. खड्याच्या जागी लोखंडी चकती ठेवली. पाच ओळी छान गेल्या, सहाव्या ओळीच्या पायाखाली झाकण ताटासारखं उलटलं आणि एक धिप्पाड कॅडेट मांडीपर्यंत जमिनीत गेला. मान मात्र त्यानं वळवलेली होती. उस्तादांना भरून आलं.

शुक्रवारी सकाळी एकच मार्ग उरला. फ्रेम फोडायची.

ओळंबेसाहेबांनी घण उचलला. घण वर गेला आणि वरच राहिला. त्यांना ती गोटी दिसत होती.

"साहेब," गवंडी म्हणाला, "तुम्ही तोंड फिरवा. मी मारतो."

त्यांनी तोंड फिरवलं. गवंड्यानं तीन घाव घातले. घण उसळून परत आला, गवंड्याच्या खांद्यात कळ गेली, पण फ्रेमला ओरखडासुद्धा नाही. काम चांगलं झालं होतं, त्याचे हे भोग. चिडून त्यानं चौथा घाव नेम चुकून झाकणावरच घातला.

'ठण्.'

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उस्ताद बूट तपासत उभे होते. त्यांची मान खाडकन उजवीकडे वळली. व्हरांड्यातून पुस्तकं घेऊन जाणाऱ्या सहा कॅडेटांची वळली. सहाही जण बारा पावलं चालले आणि माना सरळ करून वर्गात गेले.

गवंडी आणि ओळंबेसाहेब एकमेकांकडे बघत राहिले. गवंड्याला आधी सुचलं, पण ते बोलायचं धैर्य त्याला होईना. "वरून मारणारा माणूस तर दिसणार," तो एवढंच म्हणाला.

मग खालून मारायचं. चेंबर साडेचार फूट खोल, कोरडं, तळाशी बादली पालथी घालून एक माणूस बसेल एवढी जागा. डोक्यावर बूट पडला की आतून लोखंडी पहारीनं झाकणावर एक ठोका. चेंबरचं तोंड वीस इंच. गवंडी त्यात खांद्यापर्यंतच गेला आणि त्याला परत ओढून काढायला उस्तादांना यावं लागलं. वायरमन पोटाशी अडकला. उस्तादांना तर पुढं उभं राहायचं होतं. शेवटी तिघंही ओळंबेसाहेबांकडे बघू लागले. ओळंबा बरोबर त्या भोकाच्या मापाचा होता.

"कितीदा मारायचं?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस, साहेब," उस्ताद म्हणाले. "एकही चुकायला नको."

त्या संध्याकाळी ओळंबेसाहेबांनी बायकोला काही सांगितलं नाही. तिनं त्यांच्या कोटाची बटणं घट्ट केली, बुटांना पॉलिश केलं आणि दोन्ही निमंत्रणपत्रिका आरशाच्या चौकटीत अडकवून ठेवल्या. सांगायला ते तीनदा तिच्याजवळ गेले. पहिल्यांदा पाणी मागितलं, दुसऱ्यांदा किल्ल्या कुठं आहेत विचारलं, तिसऱ्यांदा पुन्हा पाणी.

शनिवारी दोघं मिळून गेले. तिसऱ्या रांगेत खरंच दोन खुर्च्या होत्या, पाठीवर चिठ्ठ्या लावलेल्या. ती बसली, तेही बसले. एक मिनिटभर बसले असतील. समोर मंच, पायऱ्या, खांब, सगळं इथून कसं दिसतं ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मंचाची उजवी बाजू नीट रंगली होती. मग ते म्हणाले, "अगं, मी पाच मिनिटांत आलो."

'पाच मिनिटं' म्हणजे किती, हे तिला एकतीस वर्षांपासून माहीत होतं. तिनं फक्त त्यांच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली. उभ्या लोकांतून मास्तर वाट काढत आले आणि खुर्चीकडे बघत म्हणाले, "रिकामी आहे वाटतं."

"नाही."

"पण दिसत तर कुणी नाही."

"मास्तर, तुमची गाडी तरी कधी वेळेवर दिसायची का? यायची ना?"

मास्तर मागं जाऊन उभे राहिले.

खाली, जमिनीच्या पोटात, ओळंबेसाहेब नव्या कोटात पालथ्या बादलीवर बसले होते. सगळे पाहुणे फाटकातून येणाऱ्या गाड्यांकडे बघत असताना गवंड्यानं त्यांना आत सोडून वरून झाकण लावलं होतं. वरती झाकण, झाकणाला आकडे अडकवायची दोन भोकं, त्या दोन भोकांतून पैशाएवढं आभाळ. बँड सुरू झाला तेव्हा सगळं चेंबर ढोलासारखं घुमू लागलं. त्यांनी पहार दोन्ही हातांत धरली. पावलं जवळ येत गेली. पहिला बूट पडला, थप्प, आणि त्यांनी ठोका दिला. एक. दुसरा. तिसरा. नवव्यानंतर थोडी उसंत, की दुसरी तुकडी. एकतीस वर्षं त्यांनी वस्तू गप्प केल्या होत्या, ठिबकणारे नळ, करकरणारी दारं, खडखडणारे पंखे. आणि आज जीव खाऊन ते आवाज करत होते. तिसऱ्या तुकडीत नाकात धूळ गेली आणि शिंक आली. शिंक बुटाच्या आधी आली की नंतर हे त्यांना कळलं नाही, पण पहार मात्र एकदा जास्त लागली. छत्तिसाव्या ओळीनंतर हातातून पहार गळून पडली आणि वर टाळ्या ऐकू आल्या. बराच वेळ आल्या.

आता बाहेर पडायचं. ओळंबेसाहेबांनी खालून झाकण ढकललं. झाकण हललं नाही. ते हलू नये अशाच बेतानं त्यांनी बसवलं होतं, आकडे लावून वरूनच निघेल असं. आकडे गवंड्याकडे, आणि गवंड्याला प्रमुखसाहेबांची सक्त ताकीद होती की शेवटचा पाहुणा चहाला आत गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. जमिनीतून कोट घातलेला माणूस निघालेला पाहुण्यांना दिसायला नको. पाहुणे चहाला गेले. मग गवंडीही चहाला गेला, कारण नाश्ता संपतो आणि साहेब कुठं पळून जाणार नव्हते.

चहाच्या रांगेत त्याच्या मागून आवाज आला. "तुझे साहेब कुठं आहेत?"

गवंड्यानं पुष्कळांना पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण या बाईच्या हातचं तो वीस वर्षं जेवला होता. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघू लागला. मग जमिनीकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "खाली."

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकून हसेल की रडेल याचा त्याला अंदाज येईना, म्हणून त्यानं खाली बघूनच सांगितलं. वर पाहिलं तेव्हा ती तिथं नव्हती.

रिकाम्या मैदानावरून ती खुर्ची घेऊन चालली होती. तिसऱ्या रांगेतली, पाठीवर चिठ्ठी असलेली. पहारेकरी आडवा आला. "बाई, मैदानात बसायला मनाई आहे."

"मी बसत नाहीये. माणसाजवळ थांबतेय."

पहारेकऱ्यानं चारी बाजूंना पाहिलं. माणूस कुठंच दिसेना. असल्या बाबतीत वरिष्ठांना विचारावं असा नियम आहे, म्हणून तो विचारायला गेला.

तिनं झाकणाशेजारी खुर्ची मांडली, ठेवणीतले कपडे सावरून बसली आणि बोटानं झाकणावर टकटक केलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"तुम्हाला कोण येणार आहे दुसरं?"

खाली बादली सरकल्याचा आवाज. मग, "चिडलीस?"

"ते घरी गेल्यावर बघू. पाणी हवं?"

"भोकातून कसं देणार?"

"मग नुसतंच विचारलं." ती जरा वाकली. "काही दिसलं तुम्हाला?"

"आभाळ दिसलं. आणि शेवटी एका बुटाचा तळवा. घासलेला होता." मग थोडं थांबून, "तुला नीट दिसलं ना? पुढच्या रांगेत कुणी उंच माणूस नव्हता ना?"

"सगळं दिसलं."

"लाट आली?"

ती खुर्चीवरून उतरली आणि खाली, धुळीत, झाकणाच्या कडेशी बसली. तोंड भोकाजवळ नेलं.

"असं मधूनच काय विचारता? पहिल्यापासून सांगते. आधी बँड आला. पुढं तो ढोलवाला, तो बिचारा चालताना सारखा फुलांच्या वाफ्याकडे बघत होता. त्याच्या मागं झेंडा. तुमचा खांब इतका सरळ होता, की झेंडा वर जाताना एकदाही घासला नाही."

"दोरी बदलली होती मी."

"मला सांगू द्या. मग पहिली तुकडी. बूट असे, की त्यांच्यात बघून केस विंचरावेत. पुढचा मुलगा चालत आला, इथं, बरोबर मी बसलेय तिथं त्याचा पाय पडला, आणि वाजलं. त्या ओळीच्या आठही माना वळल्या. मग दुसरी ओळ. मग तिसरी. अहो, कुणीतरी हातानं फिरवत जावं तसं. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, यांना काय सूत बांधलंय का? मी म्हटलं, हो."

तिनं कान भोकाशी लावला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. दुसरी तुकडी?"

तिनं दुसरी तुकडी सांगितली. तिसरी सुरू केली. "तिसऱ्या तुकडीत एक आवाज जास्त आला. सातव्या ओळीतल्या एका पोरानं दोनदा मान वळवली. फार गोड दिसलं ते. प्रमुखसाहेबांनी त्याला वेगळी मान हलवून दाद दिली."

"ती शिंक होती."

"मला वाटलंच."

एवढ्यात गवंडी दोन आकडे घेऊन धापा टाकत आला. तोंडात अजून बिस्किट होतं. त्यानं वाकून आकडा भोकात घालायला हात पुढं केला. तिनं त्याचा हात धरला.

"थांब जरा. चौथी तुकडी यायचीये अजून."

गवंड्यानं झाकणाकडे पाहिलं. "साहेब?" त्यानं हाक मारली.

"थांब म्हणतायत ना त्या," आतून साहेबांचा आवाज आला. "बस तिथं. आणि मधे बोलू नकोस."

गवंड्यानं आकडे बाजूला ठेवले आणि मांडी घातली.